काही सदस्य बाहेर होते

समितीच्या लांब टेबलावर ज्याच्या त्याच्यापुढे एक पाटी असे. कुणापुढे ‘वैद्यकीय’, कुणापुढे ‘कायदा’, कुणापुढे ‘माहिती विभाग’. शिवणबाईंपुढच्या पाटीवर होतं ‘सामान्य नागरिक’. पहिल्याच सभेत त्यांनी ती पाटी उचलून, चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि शेजारच्या मोठ्या सिस्टरना म्हणाल्या, "बरं झालं बाई, लिहून ठेवलंत. घरी कुणी मानतच नाही."

समितीत त्या आल्या त्या पडद्यांमुळे. इस्पितळात खाटेभोवती ओढायचे पडदे शिवायचं काम त्यांच्या दुकानाकडे आलं होतं. कापड वाचावं म्हणून ऑफिसनं माप असं दिलं की पडदा पुरा ओढला तरी वीतभर फट राहील. शिवणबाईंनी कापडाचे तागे जसेच्या तसे परत पाठवले, वर निरोप दिला, "फटीतून बघायचंच असेल तर पडदा कशाला? सरळ तिकीट लावा." ऑफिस चिडलं, पण माप वाढवून मिळालं. नवे पडदे लावायला त्या स्वतः वॉर्डात गेल्या, तेव्हा त्यांनी एक गोष्ट पाहिली. कोपऱ्यातल्या एका खाटेवरचा माणूस अचानक बिघडला, आणि मोठ्या सिस्टर, त्या वेळी त्या नोकरीत होत्या, भराभर चालत आल्या नि त्यांनी त्या खाटेचाच नव्हे, ओळीतल्या सगळ्या खाटांचे पडदे ओढून घेतले. धडधाकट बसून पेपर वाचणाऱ्यांचेसुद्धा. नंतर शिवणबाईंनी विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "एकच ओढला की सगळे त्याच्याकडेच बघतात."

पुढे समितीसाठी बाहेरचं एक माणूस हवं होतं, तेव्हा कुणालातरी ते पडद्याचं भांडण आठवलं.

समितीचं काम तसं पडद्याचंच होतं. इस्पितळात जो येतो त्याची नोंद होते. कोण आलं, काय झालं होतं, कुठली गोळी दिली, बिल किती झालं. या नोंदी ठेवतात त्या कारभारासाठी, पैसे मिळावेत नि खाटा पुराव्यात म्हणून. पण वर्षानुवर्षं साठल्या की त्यांतून भलतंच काही कळू शकतं, कुठलं औषध कुणाला मानवलं आणि कुणाला भोवलं. म्हणून संशोधन करणारे डॉक्टर त्या मागायला येत आणि द्यायच्या की नाही ते समिती ठरवी. नावं काढायची, पत्ते काढायचे, आणि अहवालात जिथं पाचाहून कमी माणसं असतील तिथं आकडा छापायचाच नाही. ‘अमक्या पेठेत अमका आजार, एक’ असं छापणं म्हणजे त्या एकाच्या दारावर बोर्ड लावणंच की.

एवढं सगळं असूनही, कुणीही काहीही मागायला आलं की शिवणबाई पहिला प्रश्न टाकत, "ज्यांच्या नोंदी आहेत, त्यांना विचारलं का?" कधी उत्तर बरं मिळे, कधी लटपटीत. पण ‘कायदा’ या पाटीमागचे वकीलकाका मात्र या प्रश्नावर पार फिदा झाले. आधी त्यांना बाई बडबड्या वाटायच्या. नंतर त्यांचाच प्रश्न ते स्वतःच्या नावावर खपवू लागले.

एके दिवशी लेक सुटीची म्हणून दुकानात आली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं कापायच्या टेबलावर चढून बसली. ती एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. बराच वेळ खडूचा तुकडा बोटांत फिरवून म्हणाली, "आई, मी गोळ्या बंद करतेय."

शिवणबाईंनी मशीन थांबवलं नाही. "कोणी सांगितलं?"

"कोणीच काही सांगत नाही, तोच तर वैताग आहे. जुनी गोळी बाळाला बाधते हे पक्कं माहीत होतं, म्हणून ती बदलली. ही नवी बाधते का? तर डॉक्टर म्हणतात, बहुधा नाही. बहुधाच्या भरवशावर मूल होऊ देऊ मी?"

"आणि बाळ पोटात असताना फिट आली तर?"

"इतक्या वर्षांत आली का?"

"गोळी घेत होतीस म्हणून नाही आली, बये."

"मग शोधून का काढत नाहीत कुणी?" लेकीनं खडू ठेवून दिला. "विचारलं मी. म्हणाले, गरोदर बाईला गोळी देऊन बघू या काय होतं ते, असं नाही करता येत. बरोबरच आहे त्यांचं. पण मी काय करू? हे पाकीट संपलं की संपलं. नवीन आणणार नाही."

मशीन थांबलं. शिवणबाईंनी वळून पाहिलं. लेक शाळेत असताना प्रार्थनेच्या रांगेत तिला फिट आली होती, आणि शाळा सुटेपर्यंत तिचं नाव ‘भोवरा’ पडलं होतं. त्या दिवसापासून तिनं आईकडून वचन घेतलं होतं, माझं मी सांगेन, तू कुणाला सांगायचं नाहीस. पुढं लग्नाआधी तिनं नवऱ्याला सांगितलं. सासूला नाही, ऑफिसात नाही. शिवणबाईंनी वचन पाळलं होतं, आणि पोटात काही न राहणाऱ्या बाईला ते काही सोपं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या पुढच्या सभेचे कागद आले. शिवणबाईंनी नेहमीप्रमाणे बटणांच्या बरण्या सरकवून ते पसरले, आणि दुसऱ्याच ओळीत त्यांना त्या गोळीचं नाव दिसलं.

एक तरुण डॉक्टरीणबाई नोंदी मागत होती. ही गोळी ज्या गरोदर बायकांना दिली गेली त्यांची औषधांची बिलं एकीकडे, बाळांच्या जन्माच्या नि नंतरच्या नोंदी दुसरीकडे. दोन्ही जोडून बघायचं, बाळं कशी निपजली. कुणाला नव्यानं गोळी द्यायची नाही, कुणाला टोचायचं नाही. जे होऊन गेलं तेच नीट मोजायचं.

शिवणबाईंनी कागद छातीशी धरला. मग त्यांना नियम आठवला. विषयाशी ज्याच्या घरचा संबंध असेल त्यानं उठून बाहेर जायचं. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. आणि कोण बाहेर गेलं ते वृत्तांतात लिहायचं. वृत्तांत इस्पितळाच्या वेबसाइटवर लागे. एरवी तो जगात कुणी वाचत नसेल, पण एक व्यक्ती वाचत होती. विहीणबाई.

लेकीच्या सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज अजून वर्गातला. आपल्या विहीणबाई समितीवर आहेत याचा त्यांना इतका अभिमान, की प्रत्येक वृत्तांत त्या मोठ्यानं वाचून काढत, आणि मग दुकानात येऊन शिवणबाईंना त्यांचंच बोलणं ऐकवत. "परवा काय मुद्दा काढलात हो. ‘त्यांना विचारलं का?’ मी शेजारणीला पण वाचून दाखवलं." फिट येणाऱ्या बायकांच्या गोळीचा विषय, आणि शिवणबाई बाहेर. विहीणबाईंना दोन अधिक दोन करायला फार वेळ लागला नसता.

बरं, आजारपणाचा बहाणा करून घरी राहावं, तर तिथं वकीलकाका बसलेले. ते शिवणबाईंचाच प्रश्न काढणार आणि त्यांच्याच प्रश्नानं हे काम बुडणार. नुसतं गप्प बसून हात वर करावा, तर करता आला असता. हात वर करायला काय लागतं? फक्त उद्या दुसऱ्या कुणाला ‘तुमचं खरं काय ते सांगा’ म्हणायला तोंड राहिलं नसतं. लेकीला विचारावं, तर सभेआधी कागद समितीबाहेर फोडायचे नाहीत. शिवणबाईंनी आयुष्यात पुष्कळ चुकीचे कपडे उसवून नीट केले होते, पण याचं टोकच हाताला लागेना.

सभेला अध्यक्ष डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "या विषयाशी कुणाचा घरगुती संबंध?" हे ते ‘अजून चहा हवाय का कुणाला?’ अशा सुरात विचारत. कुणी काही बोललं नाही. शिवणबाईंच्या तोंडून तर चकार शब्द निघाला नाही, आणि तीच त्यांची चूक झाली. डॉक्टरीणबाई आपलं काम समजावून थांबली तेव्हा सगळ्यांच्या माना सवयीनं ‘सामान्य नागरिक’कडे वळल्या. शिवणबाई पाटीकडे बघत बसल्या.

"बाई, तुमचा प्रश्न?" वकीलकाका म्हणाले.

"आज नाही."

चहाचे कप खाली ठेवले गेले.

"मग मी विचारतो," वकीलकाका म्हणाले. "या बायकांना विचारलं का?"

डॉक्टरीणबाई लहान चणीची होती, पण घाबरली नाही. "नाही विचारलं. विचारायला गेले तर ज्यांचं चांगलं झालं त्या दार उघडतील, बाळ दाखवतील. ज्यांचं बाळ गेलं त्या कशाला उघडतील? मग मला उत्तर छान मिळेल. पण ते खोटं असेल, आणि त्यावर विसंबून पुढच्या बायका गोळी घेतील."

"हेतू चांगला आहे हो. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात," काका म्हणाले. "पण नाव काढलं म्हणजे माणूस झाकला जातो, हे काही मला पटत नाही. ओळखणारा ओळखतोच."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मतं घेऊ या?"

शिवणबाई उठल्या. "मला बाहेर बसायला हवं."

"बरं वाटत नाहीये का?" अध्यक्षांनी विचारलं, आणि त्यांच्या बिचाऱ्याच्या मनात खरंच तेवढंच होतं. हो म्हटलं असतं तर दार उघडंच होतं.

"मला काही झालेलं नाही," शिवणबाई म्हणाल्या. "पण मला बाहेर बसायला हवं. आधीच उठायला हवं होतं."

वृत्तांत लिहिणाऱ्या चिटणिसाचं पेन थांबलं. टेबलाभोवती कुणीच कुणाकडे बघेना, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची मागं सरकली. मोठ्या सिस्टरनी पर्स उचलली. "मीही बाहेर."

"तुमचा काय संबंध, सिस्टर?"

"तो सांगायलाच हवा, असं आहे का नियमात?"

अध्यक्षांनी वकीलकाकांकडे पाहिलं, नियम त्यांनीच लिहिले होते. काकांनी एकदा सिस्टरकडे पाहिलं, एकदा शिवणबाईंकडे, आणि मग बराच वेळ स्वतःच्या पाटीकडे. "नाही," ते म्हणाले. "कारण सांगायची सक्ती नाही." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी भरभर खरडलं, अध्यक्षांकडे सरकवलं आणि काठी घेऊन उठले. "मीही येतो."

"अहो, काका, आता कुणी उठू नका, सभा मोडेल," अध्यक्ष म्हणाले. "आणि वृत्तांतात लिहायचं काय आम्ही?"

माहिती विभागातली मुलगी एरवी कुणी विचारल्याशिवाय बोलत नसे. "पाचाहून कमी आहेत ना," ती म्हणाली. "मग नाव नाही, आकडा नाही. रुग्णांना जो नियम तोच आपल्याला."

बाहेर बाकावर तिघं ओळीनं बसली, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखी. सिस्टरनी पर्समधून विणकाम काढलं.

"काका," शिवणबाई म्हणाल्या, "तुम्ही तर विरोधात मत देणार होतात."

"होतो तर."

"मग उठलात कशाला?"

काकांनी काठी दोन्ही हातांत धरली. "मला वाटायचं, हे झाकणं-बिकणं सगळं सोंग आहे. सिस्टर उठल्या तेव्हा दिसलं, मनात असलं तर झाकता येतं. शेजाऱ्यांना जरा तसदी पडते, एवढंच." मग म्हणाले, "शंका अजून आहेत माझ्या. त्या लिहून दिल्यात आत."

गप्प बसण्याची त्यांना सवय नव्हती, आणि आता तर कुणी बघतही नव्हतं. "माझ्या घरी," त्यांनी सुरुवात केली.

"नको," काका म्हणाले. "मी विचारलेलं नाही."

"इतक्या सभांत ही गप्प बसलीय असं आज पहिल्यांदाच होतंय," सिस्टर टाके मोजत म्हणाल्या. "राहू द्या, बघू या किती टिकतं."

आत काम मंजूर झालं. काकांच्या अटी जशाच्या तशा घातल्या होत्या. जोडलेल्या नोंदी इस्पितळातल्या एकाच कुलूपबंद खोलीत राहतील, बाहेर जाणार नाहीत. प्रत्येक प्रतीक्षागृहात सूचना लागेल आणि ज्या बाईला आपली नोंद नको असेल तिची काढली जाईल. आणि जे निघेल, चांगलं किंवा वाईट, ते साध्या भाषेत सगळ्यांना सांगितलं जाईल.

सूचना लागली त्या दिवशी शिवणबाई लेकीला इस्पितळात तिच्यापुढं घेऊन गेल्या. "वाच."

लेकीनं वाचलं. पुन्हा वाचलं. गोळीच्या नावावर बोट ठेवलं. "तू मत दिलंस?"

"नाही. बाहेर बसले."

लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळ्यांना—"

"मी एकटी नव्हते बाहेर. कोण कशासाठी बसलंय, ते कुणी कुणाला विचारलं नाही."

लेक औषधांच्या खिडकीशी जाऊन रांगेत उभी राहिली. "एक पाकीट घेते. उत्तर येईपर्यंत."

"एकानं काय होतंय? संशोधन आहे ते. फ्रॉक आहे का, सकाळी टाकला नि संध्याकाळी नेला?"

त्या आठवड्यात विहीणबाई कोटाचं माप द्यायला आल्या. हातात फोन होताच. "वाचलं मी. ‘काही सदस्य बाहेर होते.’ काही म्हणजे किती हो?"

"पाचाहून कमी."

"ते कळलं. पण कोण?"

"विहीणबाई, हात जरा वर करा. बगलेत माप चुकलं तर तुम्हीच ओरडाल."

कोट शिवून झाले, मग सुती कपड्यांची घाई आली, मग पुन्हा कोट. लेक पाकीट संपण्याआधी पाकीट आणत राहिली. मधूनच वैतागायची, मधूनच नवऱ्याशी भांडायची. एकदा तर म्हणाली, तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला म्हणावं, मोजायला मी येऊ का मदतीला? शिवणबाई दर सभेला विचारून घेत, कुठवर आलं. उत्तर येई, नोंदी जुळवणं चालू आहे. बिलात एक लिहिलेलं, जन्माच्या नोंदीत दुसरं, असल्या गाठी सोडवाव्या लागतात. हे मात्र शिवणबाईंना लगेच पटलं. जुन्या कपड्यांवर त्यांचा निम्मा वेळ असाच जाई.

अहवाल आला तो लेकीनं प्रथम वाचला नाही. ऐकला. सासूबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून वर्गाच्या आवाजात वाचत होत्या आणि लेक ताटं पुसत होती. "‘ही गोळी घेणाऱ्या बायकांची बाळं जवळजवळ इतर बाळांसारखीच निरोगी आढळली. मात्रा जास्त असलेल्यांत काही बाळं थोडी लवकर जन्मली, त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावं.’ हं. ‘गोळ्या मध्येच सोडलेल्या बायकांना फिट येऊन दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण मात्र बरंच जास्त होतं.’ बघ ना, काय एकेक बायका. कशाला सोडायच्या गोळ्या?"

"मी सोडणार होते," लेक म्हणाली.

सासूबाईंनी फोन मांडीवर ठेवला. पुसलेलं ताट लेकीनं पुन्हा पुसलं. मग सगळं सांगितलं, प्रार्थनेच्या रांगेपासून.

सासूबाई म्हणाल्या, "त्या पांढऱ्या गोळ्या? मला वाटायचं वजनाच्या आहेत. म्हटलं, आधीच काडी, त्यात ही आणखी काय कमी करतेय."

दुसऱ्या दिवशी त्या तडक दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "एवढी वर्षं येते मी इथं. मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं होतं हो. हजारदा तोंडाशी आलं. पण ते तिचं होतं. तिची परवानगी नव्हती."

"म्हणजे तुमचा तोच प्रश्न."

"तोच."

विहीणबाई दाराकडे वळल्या, उंबऱ्याशी थांबल्या, परत आल्या. "त्या शाळेतल्या बाईंनी त्या पोरांना फटकावलं का, भोवरा म्हणणाऱ्यांना?"

"नाही."

"मी असते तर," असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ रागाने रिळांच्या डब्याकडे बघत राहिल्या. तो राग नेमका कुणावर, ते शिवणबाईंनी विचारलं नाही. चहा टाकला.

लेकीच्या डॉक्टरांनी अहवाल वाचला, मात्रा थोडी उतरवली आणि या वेळी ‘बहुधा’ म्हणाले नाहीत. "खात्री कुणालाच देता येत नाही, तुम्हाला काय नि दुसऱ्या बायकांना काय. पण आता निदान इतरांइतकीच भीती बाळगा, जास्त नको."

पुढं लेकीला दिवस राहिले. नाव नोंदवायला इस्पितळात जायचं ठरलं तेव्हा तिच्याबरोबर दोघी विहिणी निघाल्या. जावई म्हणाला, मी पण येतो, तर त्याला म्हणाल्या, तू ऑफिसला जा, खिडकीशी गर्दी नको. प्रतीक्षागृह भरलेलं होतं. खिडकीमागच्या कारकून मुलीनं यांत्रिक आवाजात विचारलं, "आधीचा काही आजार? चालू औषधं?"

विहीणबाईंनी डोळ्यांनीच खूण केली. त्या एका बाजूला सरकून भलीमोठी पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या, शिवणबाई दुसऱ्या बाजूला. मागच्या रांगेला आता लेकीची पाठही दिसेना. वर विहीणबाईंनी हवेविषयी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

"आई, अहो, ऐकू येऊ दे तिला," लेक सासूला म्हणाली, आणि खिडकीकडे वळून तिनं आजाराचं नाव सांगितलं, गोळीचं सांगितलं, मात्रा सांगितली. एकच शब्द कारकून मुलीला नीट लिहिता येईना, तो तिनं पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितला.

मुलीनं छापलेला कागद पुढं केला. "आणि हे वाचून घ्या. तुमच्या नोंदी संशोधनाला वापरू नयेत असं वाटत असेल, तर खाली सही करा."

लेकीनं कागद पुरता वाचला. मग पेनाला टोपण लावून कागद तसाच कोरा परत सरकवला. "राहू देत माझ्या त्यात."

शिवणबाईंनी खिडकीत वाकून त्या मुलीला विचारलं, "तुम्ही हे सगळ्यांना विचारता?"

"हो, बाई. प्रत्येकीला. का?"

"काही नाही," शिवणबाई म्हणाल्या, आणि लेकीची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. "छान विचारता."